किल्ल्यांचे घड्याळ, समुद्राचे वेळापत्रक: वेल्समधील सेल्फ-ड्राइव्ह सहलीच्या नियोजन-सेवेविषयी

गेल्या जूनमध्ये आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी, बारा वर्षांचा मुलगा आणि बहात्तर वर्षांची आई, वेल्समध्ये दहा दिवस स्वतः गाडी चालवून फिरलो. मध्ययुगीन किल्ले आणि समुद्रकिनारे एवढेच पाहायचे, बाकी काही नाही, असे निघण्यापूर्वीच ठरले होते. सगळी आखणी स्वतः करण्याइतका वेळ नव्हता आणि पन्नास जणांच्या बसमधून फिरण्याची आईची तयारी नव्हती, म्हणून मधला मार्ग काढून आम्ही एका नियोजन-सेवेकडे काम सोपवले. मार्ग ठरवणे, नऊ रात्रींच्या मुक्कामाच्या जागा आणि भाड्याची गाडी राखून ठेवणे, रोजच्या प्रवासाची छापील मार्गपुस्तिका देणे आणि अडचण आल्यास फोनवर मदत करणे, एवढे त्यांच्या कामाचे स्वरूप होते. खोल्या आणि गाडी यांचा खर्च वेगळा धरून केवळ नियोजनाचे २०० पौंड त्यांनी घेतले. सेवेचे नाव मी येथे देत नाही, कारण ज्या चुकांविषयी पुढे लिहिले आहे त्या त्यांनी मान्य केल्या आहेत, आणि अशाच सहलीसाठी कोणत्याही सेवेकडे जाणाऱ्या वाचकाला नावापेक्षा या तपशिलांचा उपयोग अधिक होईल.

प्रथम त्यांनी उत्तम केलेल्या गोष्टीविषयी लिहितो, कारण ती खरोखरच मोलाची होती. बहुतेक सहलींमध्ये किल्ले एका दिवशी आणि किनारे दुसऱ्या दिवशी असे खाते विभागलेले असते. या सेवेने तसे केले नाही. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२८२-८३ च्या मोहिमेत उत्तर वेल्स जिंकल्यावर जे किल्ले उभारले, ते समुद्राला धरूनच उभारले. कॉन्वी, कर्नारव्हन आणि हार्लेक या तिन्ही ठिकाणी १२८३ मध्ये काम सुरू झाले, आणि १२९४ च्या वेल्श उठावानंतर १२९५ मध्ये अँगलसी बेटावर बोमॅरिसचा पाया घातला गेला. डोंगराळ मुलूख शत्रूच्या ताब्यात गेला तरी रसद जहाजातून पोहोचावी, हा त्यामागचा हिशेब होता. ज्याने आपल्याकडचे जलदुर्ग पाहिले आहेत त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. मार्गपुस्तिकेत प्रत्येक किल्ल्याच्या पानावर समुद्राकडचा दरवाजा, धक्का किंवा पाण्याची जुनी रेषा आधी दाखवली होती आणि मग आतल्या वास्तूचे वर्णन होते. या एका क्रमामुळे माझ्या मुलाची दृष्टी बदलली. प्रत्येक ठिकाणी पोहोचताच तो पहिला प्रश्न विचारू लागला की जहाज कुठे लागत असेल. बोमॅरिसला दक्षिणेकडच्या दरवाजाशेजारी भरतीच्या पाण्यात जहाज थेट आत घेण्याची गोदी आजही दिसते, आणि तेथे त्याला त्याच्या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांसमोर मिळाले.

हे चारही किल्ले, तसेच कॉन्वी आणि कर्नारव्हन या गावांच्या तटबंद्या, १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, आणि चारही किल्ल्यांच्या कामावर मास्टर जेम्स ऑफ सेंट जॉर्ज या एकाच प्रमुख स्थपतीचा हात होता. तरीही एकासारखा दुसरा नाही. कॉन्वीचे आठ प्रचंड बुरूज अरुंद खडकावर एकमेकांना खेटून उभे आहेत. बोमॅरिस सपाट दलदलीवर असल्यामुळे तेथे तटाच्या आत तट, भोवती पाण्याचा खंदक आणि चहूबाजूंनी काटेकोर समतोल साधलेला आहे. मात्र पैसा संपल्यामुळे तो कधीच पूर्ण झाला नाही आणि त्याचे बुरूज ठरल्या उंचीला पोहोचलेच नाहीत. एका मागोमाग एक चार किल्ले पाहिल्यास कंटाळा येईल अशी मला निघण्यापूर्वी भीती होती. सेवेने कॉन्वी प्रथम आणि हार्लेक शेवटी ठेवल्यामुळे, म्हणजे बंदिस्त खडकापासून मोकळ्या कड्यापर्यंत नेल्यामुळे, ती भीती खोटी ठरली.

मुक्कामाच्या जागाही विचारपूर्वक निवडल्या होत्या. कॉन्वीचे जुने गाव पूर्णपणे मध्ययुगीन तटबंदीच्या आत वसलेले असून तटाची लांबी सुमारे १.३ किलोमीटर आणि त्यावरचे बुरूज २१ आहेत. जुन्या दरवाजांच्या कमानींतून आजही वाहने जातात. आत राहणे आकर्षक वाटते, पण तेथे गाडी उभी करणे हा रोजचा त्रास झाला असता. सेवेने तटाबाहेर, चालत सात-आठ मिनिटांवर, स्वतःची पार्किंगची जागा असलेले घर दिले. संध्याकाळी किल्ला बंद झाल्यावर आम्ही पायी गावात शिरायचो आणि तटावरच्या फांजीवरून फिरायचो, ज्यासाठी तिकीट लागत नाही. तटाच्या एका भागात बाहेर काढलेल्या बारा शौचकूपांची सलग रांग आहे. मार्गपुस्तिकेत तिचा उल्लेख नव्हता, पण माझ्या मुलाने ती शोधून काढली आणि वेल्समधील त्याची सर्वांत आवडती वास्तू तीच ठरली.

आईच्या गुडघ्यांविषयी आम्ही पहिल्याच पत्रात कळवले होते, आणि त्याची दखल सेवेने प्रामाणिकपणे घेतली. या किल्ल्यांचे जिने चक्राकार आणि अरुंद आहेत, पायऱ्यांच्या कडा शतकानुशतकांच्या वापराने झिजलेल्या आहेत, आणि समोरून कोणी उतरत असेल तर एकाने भिंतीला टेकून थांबावे लागते. त्यामुळे कॉन्वीला आई खालच्या चौकातच बसली. कर्नारव्हनला मात्र किंग्ज गेट या महादरवाजात लिफ्ट बसवलेली आहे आणि ती वरच्या भागापर्यंत जाते. पुस्तिकेत ही नोंद ठळक अक्षरांत होती. आई वर आली, तिने चर्येच्या थंड दगडावर दोन्ही तळवे ठेवले आणि खाली मेनाईच्या खाडीकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “अरे, हा किल्ला गावाकडे बघतच नाही, पाण्याकडे बघतोय.” सहलीतील एखादा क्षण नियोजनामुळे घडतो असे म्हणता येत असेल, तर तो हा होता, आणि त्याबद्दल मी त्या सेवेचा ऋणी आहे.

आता उणिवा. त्या सगळ्यांचे मूळ एकच आहे: सेवेने अंतरे मोजली, वेळा मोजल्या नाहीत. या प्रकारच्या सहलीत एकाच वेळी तीन घड्याळे चालू असतात. किल्ल्याला उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ असते. आम्ही गेलो तेव्हा ती संध्याकाळी ५ ची होती आणि त्याच्या अर्धा तास आधी प्रवेश थांबत होता. उलट जूनमध्ये तेथे रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे किनाऱ्याला बंद होण्याची वेळच नसते. तेथे भरती-ओहोटी ठरवते. आणि तिसरे घड्याळ रस्त्याचे, जे नकाशावरील किलोमीटरशी फारसे जुळत नाही. या तिन्हींची सांगड घालणे हेच नियोजनकाराचे खरे काम आहे, कारण खोल्या आणि गाडी तर कोणीही आपल्या फोनवरून राखून ठेवू शकतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला पुस्तिकेनुसार आम्ही अँगलसीच्या नैर्ऋत्य टोकावरील लँडविन येथे पोहोचलो. पाइनच्या वनातून बाहेर पडल्यावर लांबलचक वाळूची पुळण लागते आणि तिच्या टोकाला हे छोटेसे बेट आहे. वेल्समध्ये प्रेमिकांची संत मानल्या जाणाऱ्या द्विनवेन हिच्या जुन्या चर्चचे अवशेष आणि एक पांढरे दीपगृह तेथे आहे. एरवी वाळूवरून चालत जाता येते, पण मोठ्या भरतीला वाट पाण्याखाली जाते. आम्ही गेलो तो पौर्णिमेच्या उधाणाचा दिवस होता. वाट दिसत नव्हती. तिच्या जागी गुडघ्याच्या वर पाणी होते आणि ते अजून चढत होते. भरतीचे वेळापत्रक काही महिने आधीच प्रसिद्ध होते आणि पौर्णिमा तर पंचांगातही असते, तेव्हा ही चूक टाळण्यासाठी स्थानिक ज्ञानाचीही गरज नव्हती.

आम्ही तेथेच उभे राहून दिवस उलटा केला. संध्याकाळसाठी ठेवलेले बोमॅरिस दुपारी पाहिले आणि सहा वाजता परत लँडविनला आलो. ओहोटीने वाट पूर्ण उघडली होती. ओल्या वाळूवर पाण्याने कोरलेल्या बारीक वळ्या तिरप्या उन्हात एकेक स्पष्ट दिसत होत्या, खाडीपलीकडे एरिरीचे, म्हणजे स्नोडोनियाचे, डोंगर निळे झाले होते, आणि सकाळची गर्दी पांगलेली होती. त्या दिवसापासून आम्ही नियमच केला की सकाळी किल्ला, संध्याकाळी किनारा, आणि दोहोंच्या आधी भरतीचा तक्ता. संपूर्ण सहलीत मला सापडलेली सर्वांत उपयुक्त गोष्ट हीच, आणि ती २०० पौंड घेणाऱ्यांनी मला सांगायला हवी होती.

दुसरी चूक अधिक गंभीर होती. सहाव्या दिवशी पुस्तिकेने कर्नारव्हनहून निघून क्रिकिएथ आणि हार्लेक पाहावे, अ‍ॅबरिस्टविथला जेवावे आणि रात्री नैर्ऋत्य टोकाचे सेंट डेव्हिड्स गाठावे असे सांगितले होते. हे नुसते गाडी चालवण्याचेच साडेचार तासांच्या आसपासचे काम आहे, आणि हा रस्ता म्हणजे मोटरवे नव्हे. किनाऱ्याला समांतर जाणारा ए ४८७ गावागावांतून जातो, आणि सप्टेंबर २०२३ पासून वेल्समधील वस्तीच्या बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा आहे. गाव आले की वेग उतरतो, गाव संपले की पुढे ट्रॅक्टर असतो. रस्त्यावर मोठ्या अक्षरांत इंग्रजी ‘स्लो’च्या जोडीला वेल्श शब्द लिहिलेला दिसतो, त्याचा उच्चार ‘अराव’ असा होतो, आणि माझा मुलगा मागच्या सीटवरून दर वळणाला तो मोठ्याने वाचत होता. वेगमर्यादा योग्यच आहे. तिच्यासाठी वेळ धरला नव्हता, ही तक्रार आहे.

त्या वेळापत्रकाने हार्लेकला फक्त पन्नास मिनिटे दिली होती. हार्लेकला पन्नास मिनिटे देणे म्हणजे त्याचा अपमान आहे, असे मी पूर्ण विचारांती लिहितो. सुमारे साठ मीटर उंचीच्या खडकावर हा किल्ला बसला आहे. पूर्वी समुद्राचे पाणी खडकाच्या पायथ्याशी होते, आणि पायथ्याच्या दरवाजापासून वर येणारी १०८ पायऱ्यांची वाट त्याचीच साक्ष आहे. १२९४-९५ च्या वेढ्यात याच बाजूने आलेल्या रसदीवर शिबंदी तगली. १४०४ मध्ये इंग्रजांविरुद्धच्या वेल्श बंडाचा नेता ओवाइन ग्लिनदूर याने किल्ला जिंकून तेथे आपले ठाणे केले आणि १४०९ मध्ये तो गमावला. पुढे इंग्लंडमधील राजघराण्यांच्या यादवीत १४६१ ते १४६८ अशी सात वर्षे हा किल्ला झुंजला. आज समुद्र मागे सरकला आहे आणि तटावरून पाहताना आधी सपाट जमीन, मग वाळूच्या टेकड्या आणि त्यापलीकडे पाणी दिसते. हे अंतर नीट डोळ्यांत भरायलाच अर्धा तास लागतो.

येथे सेवेच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. मी हार्लेकच्या वाहनतळावरून त्यांच्या मदत-क्रमांकावर फोन केला आणि आज सेंट डेव्हिड्सपर्यंत जाणे आम्हाला शक्य नाही असे सांगितले. पलीकडच्या बाईंनी वाद घातला नाही. पाऊण तासात अ‍ॅबरिस्टविथला समुद्रासमोर तळमजल्यावरची खोली मिळाली, आणि सेंट डेव्हिड्सच्या घरमालकांना आमचा उशीर त्यांनीच कळवला. तिकडची एका रात्रीची रक्कम बुडाली, तिच्यातील अर्धी सेवेने नंतर परत केली. त्या संध्याकाळी आम्ही अ‍ॅबरिस्टविथच्या समुद्रालगत, १२७७ मध्ये सुरू झालेल्या आणि आता पडझड झालेल्या किल्ल्यात, गवतावर बसून सूर्यास्त पाहिला. तेथे तिकीट नाही, दरवाजा नाही, बुरुजांचे नुसते बुंधे आहेत. तो मुक्काम मूळ आराखड्यातच असायला हवा होता.

दक्षिणेकडचा पेम्ब्रोकशर हा वेगळाच प्रदेश आहे. येथील राष्ट्रीय उद्यान १९५२ मध्ये मुख्यतः किनाऱ्यासाठीच घोषित झाले. येथील अंतर्गत रस्ते एकपदरी असून दोन्ही बाजूंना माणसाहून उंच झुडुपांचे बांध असतात. पुस्तिकेने सामानाचा विचार करून मोठी गाडी घेण्याचा सल्ला दिला होता. तो मी मानला नाही, आणि मॅनॉर्बियरच्या किल्ल्याच्या वाटेवर त्याचे समाधान वाटले. समोरून दुधाचा टँकर आला. मागे साठ-सत्तर मीटरवर वाहने बाजूला घेण्याची रुंद जागा होती, तेथपर्यंत मी रिव्हर्समध्ये गेलो, डावा आरसा संपूर्ण वेळ गवत घासत होता, आणि टँकरच्या चालकाने जाताना स्टिअरिंगवरून चार बोटे उचलून आभार मानले. ज्यांना रिव्हर्सचा सराव नाही त्यांनी निघण्यापूर्वी तो करावा, असे पुस्तिकेत एक वाक्य हवे होते.

पेम्ब्रोकचा किल्ला उत्तरेकडील चौघांपेक्षा जुन्या घडणीचा आहे. त्याचा गोल बालेकिल्ला दगडी घुमटासह शाबूत आहे, इंग्लंडचा राजा सातवा हेन्री १४५७ मध्ये याच किल्ल्यात जन्मला, आणि किल्ल्याच्या पोटात एक मोठी नैसर्गिक गुहा आहे, जिच्यात उतरल्यावर हवा एकदम गार होते. पण या किल्ल्याच्या दारात आम्हाला कळले की आमचा पास येथे चालत नाही. वेल्समधील बहुतेक सरकारी वारसास्थळे ‘कॅडू’ या यंत्रणेकडे आहेत आणि तिचा तीन किंवा सात दिवसांचा एक्स्प्लोरर पास मिळतो. पेम्ब्रोक मात्र एका न्यासाकडे, कॅरूचा किल्ला राष्ट्रीय उद्यानाकडे आणि मॅनॉर्बियर खासगी मालकीचा आहे. सेवेने सरसकट सात दिवसांचा पास घ्यायला सांगितले होते. कॉन्वी आणि बोमॅरिस एकाच दिवशी घेतले असते, तर उत्तरेसाठी तीन दिवसांचा पास आम्हाला पुरला असता.

किनाऱ्याच्या बाबतीत असाच आणखी एक अडथळा आला. चुनखडीच्या कड्यातून समुद्रात उतरलेली ग्रीन ब्रिज ही नैसर्गिक कमान आणि कड्याच्या कुशीत बसवलेले सेंट गोव्हनचे छोटे दगडी देवघर ही दोन्ही स्थळे लष्कराच्या कॅसलमार्टिन सराव-क्षेत्रात येतात. गोळीबाराच्या सरावाच्या दिवशी लाल निशाणे लागतात आणि रस्ता बंद असतो. आम्हाला नेमका बुधवार दिला होता आणि आम्ही लाल निशाणाखालून परतलो. सरावाचे दिवस आधी जाहीर होतात. शनिवारी मार्ग खुला असल्याचे पाहून आम्ही पुन्हा गेलो. २०१७ च्या वादळात कमानीचा बाहेरचा काही भाग समुद्रात कोसळला आहे, तरी उरलेली कमान अवाक करते, आणि शेजारच्या सुळक्यांवर गिलेमॉट पक्ष्यांची इतकी दाटी होती की खडकाचा रंग दिसत नव्हता.

गाडीविषयी थोडक्यात. आमचा इंग्रजीत छापलेला भारतीय परवाना चालला. पाहुण्याला तेथे बारा महिन्यांपर्यंत आपल्या देशाच्या परवान्यावर लहान गाडी चालवता येते. मुख्य चालकाच्या नावाचे क्रेडिट कार्ड लागेल, ही सूचना सेवेने दोनदा दिली होती आणि ती उपयोगी पडली. ऑटोमॅटिक गाडी लेखी मागूनही काउंटरवर गिअरची गाडी समोर आली आणि ती बदलून घेण्यात दीड तास गेला. मँचेस्टरला घेतलेली गाडी कार्डिफला सोडण्याचे वेगळे शुल्क त्यांनी आधीच स्पष्ट लिहिले होते, त्याबद्दल तक्रार नाही.

परत आल्यावर मी हे सारे सेवेला सविस्तर लिहून पाठवले. आठवड्याभरात उत्तर आले. त्यांनी लँडविन, कॅसलमार्टिन आणि सहाव्या दिवसाच्या चुका मान्य केल्या आणि सुधारित पुस्तिकेचा मसुदा जोडला. तिच्यात हार्लेकला अर्धा दिवस आणि अ‍ॅबरिस्टविथला एक रात्र दिलेली आहे, मात्र पासविषयीचे पान अजून जुनेच आहे. पाचपैकी साडेतीन गुण मी देतो. मुक्काम, किल्ल्यांचा क्रम आणि फोनवरील मदत यांसाठी ते पूर्ण पात्र आहेत. उरलेला दीड गुण वेळेच्या हिशेबाचा आहे.

पुढच्या वर्षी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर बॅम्बरो आणि डन्स्टनबरा हे किल्ले पाहून लिंडिसफार्न बेटावरच्या किल्ल्यात जाण्याचा बेत आहे, आणि काम याच सेवेकडे दिले आहे. त्या बेटाचा रस्ता दिवसातून दोनदा समुद्राखाली जातो. पहिल्या पत्रात मी खोल्यांविषयी काही विचारले नाही, फक्त आमच्या तारखांचा भरतीचा तक्ता मागवला आहे.